वेंडेल आणि कॅसेटवरचं सातवं गाणं

वेंडेल स्टॅकहाउसला कुठं सुरात लावलेला बँजो ऐकू आला की त्याचं तोंड कडू व्हायचं. सूर लावत बसायला वेळ आहे म्हणजे या माणसाला जगाचं काही दुःख नाही, असं त्याचं सरळ गणित. आवाज फाटला पाहिजे, तार तुटली पाहिजे, गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या पाहिजेत, आणि मधेच कुणाचं तरी कुत्रं भुंकलं पाहिजे. एवढं सगळं जुळून आलं की वेंडेल डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हे खरं."

आमच्या ब्लूमिंग्टनमध्ये दोन हजार दहा-अकराच्या सुमाराला हे खरं-खरं म्हणणारी मंडळी गल्लोगल्ली होती. पंक म्हणवणाऱ्या बंडखोर रॉकवाल्यांचा संताप आणि खेड्यातल्या आजोबांची वाद्यं, असं ते मिश्रण. बँजो, ॲकॉर्डियन, कपडे घासायचा पन्हळी पत्रा, आणि पालथ्या टबाला काठी नि दोरी बांधून केलेलं एक ढबढब वाजणारं काहीतरी. याला ते फोक पंक म्हणायचे. हे कधी सभागृहात व्हायचं नाही. कुणाच्या तरी घराच्या तळघरात, पाणी तापवायचा बंब आणि कपड्यांचं मशीन यांच्या मधल्या जागेत व्हायचं. माइक नाही. ऐकणारे गाणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि त्याच्याहून मोठ्यानं गायचे. शेजारी पोलिसांना फोन करतात म्हणून क्रांतीचं सगळं संध्याकाळी सहाला सुरू व्हायचं आणि दिवेलागणीला आटपायचं. दाराशी एक हॅट फिरायची, गाणाऱ्यांच्या पेट्रोलसाठी. कोपऱ्यात घेवड्याचं पातेलं असायचं. ज्या घरात गाणी होतात त्या घराला नाव असायचं. एक होतं 'टर्निप', एक होतं 'ओला मोजा'.

वेंडेल होता चौतीस वर्षांचा. दिवसा तो सहकारी दुकानात सुटी कडधान्यं डब्यांत भरायचा. पँटवर पँट कमी आणि ठिगळं जास्त. ही ठिगळं शिवायची रीत अशी की साधा दोरा चालत नाही, दात साफ करायचा तो मेणाचा दोरा सुईत ओवायचा. मजबूत असतो म्हणे. असेल. त्या मंडळींकडं बघून एवढं मात्र कळायचं की दोरा सगळा पँटीलाच लागतो, दातांपर्यंत पोचत नाही.

तर वेंडेल या सगळ्यांचा पंच होता. 'सोललेला घसा' नावाची चोपडी काढायचा. कातरायचं, चिकटवायचं, झेरॉक्स मारायची, मधोमध टाचायचं. नवी कॅसेट आली की तिच्यावर, कुणाच्या तळघरात गाणं झालं की त्याच्यावर, वेंडेलचं मत. आणि मत कसं? 'तिसऱ्या गाण्यात मागं खुर्ची करकरते. त्या करकरण्यात आख्ख्या मजूरवर्गाची पाठ ऐकू येते.' खुर्ची करकरली तर चांगलं, कुत्रं भुंकलं तर उत्तम, आणि फ्रिजची घरघर आली तर मग विचारूच नका, त्या वर्षातली सगळ्यात थोर कॅसेट तीच. एका पोरानं बिचाऱ्यानं माइक ठेवायचा स्टँड घेतला, तर वेंडेलनं लिहिलं, 'हा विकला गेला.' ते पोरगं तेव्हा मित्राच्या व्हॅनमध्ये झोपत होतं. त्याला विकत घेतलं कुणी, देव जाणे.

'टर्निप'मधल्या एका कार्यक्रमावर त्यानं लिहिलं होतं, 'पत्रा वाजवणारी मुलगी रडली. मी रडलो. एक अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. नंतर आम्ही चणे खाल्ले.' यातलं चणे खाल्ले एवढं कुणीही मान्य करेल.

पण एवढ्या खरेपणाच्या पोटात एक बारीकशी थाप होती. वेंडेल राहायचा आईच्या घरात, खालच्या तळघरात. आता चौतिसाव्या वर्षी आईकडं राहणं यात काही पाप नाही. पण पंचाला ते शोभेना. म्हणून त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "वरती घरमालकीण राहते." आणि एक सुस्कारा. "फार जाच आहे."

जाच असा की सकाळी पॅनकेक मिळायचे आणि दर शनिवारी ठिगळांची पँट इस्त्री होऊन जिन्याच्या कठड्यावर टांगलेली असायची. बाहेर पडायच्या आधी वेंडेल ती पायाखाली घेऊन चांगली चुरगाळायचा.

आई म्हणजे लव्होन. बुटकी, गोल, बोलायला सुरुवात केली की कॉफी निवून जायची. ऑटोहार्प नावाचं वाद्य असतं, छातीशी धरून वाजवायचं, तारांवर बोटं फिरवायची आणि बटणं दाबायची. ते ती रविवारी दुपारी काढायची आणि स्वतःशीच गात बसायची. एका रविवारी वेंडेल खाली लेख लिहीत होता, 'खरं लोकसंगीत कुठं हरवलं?' वरून आवाज येत होता, त्याचं लक्ष लागेना. शेवटी त्यानं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. वरचं गाणं थांबलं, मग लेख पुरा झाला.

वेंडेलचं एकच स्वप्न होतं. आपल्या तळघरात गाणी व्हावीत, आपल्या तळघराला नाव असावं. पण 'टर्निप' चालवणारा ऑरिन दर वेळी म्हणायचा, "तुझ्याकडं कसं होणार रे? वरती ती मालकीण. घरमालकाच्या पायाखाली बसून घरमालकाविरुद्ध गायचं का?" स्वतःच बांधलेल्या थापेच्या भिंतीवर त्याचं स्वतःचंच डोकं आपटत होतं.

त्या उन्हाळ्यात लुईव्हिलच्या 'कल्व्हर्ट कझिन्स' या बँडची कॅसेट आली. कल्व्हर्ट कझिन्स म्हणजे पुलाखालच्या मोरीतली चुलत भावंडं. मोरीत कुणी राहत नव्हतं आणि भावंडंही कुणी नव्हतं. गाणाऱ्याचं नाव स्किलेट, म्हणजे तवा. घरचं नाव प्रेस्टन. बाप वाकडे दात सरळ करणारा मोठा डॉक्टर. दाताच्या दोऱ्याला घरात तोटा नाही, म्हणून जाकिटावर ठिगळं सगळ्यांत जास्त. बँजोवर जुनिपर नावाची पोरगी. ती मात्र सरळ, हसरी, आणि कुणाला सांगू नका, बँजो सुरात लावायची.

ही मंडळी नव्या कॅसेटी घेत नाहीत. धर्मादाय दुकानांतून जुन्या कॅसेटींचे खोके उचलायचे. कुणाची प्रवचनं, कुणाचे व्यायामाचे धडे, कुणी स्पॅनिश शिकत होतं ते. पुन्हा भरता याव्यात म्हणून वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावायची आणि त्याच्यावरच आपली गाणी भरायची. बटाट्याचा ठसा मारून कव्हर केलं की झाली कॅसेट तयार. आता गाणी सहा आणि कॅसेट लांब, तर शेवटी जुनं काहीतरी शेपूट उरतंच. प्रत्येकाच्या कॅसेटला वेगळं शेपूट. कुणाला पाद्रीबुवा, कुणाला 'कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे'. हे सगळ्यांना माहीत. वेंडेललाही माहीत. पण माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात फरक असतो.

सहा गाणी संपली. वेंडेल उठून बंद करणार तेवढ्यात पलीकडून एक किटली शिट्टी घालायला लागली. खरीखुरी किटली, स्वयंपाकघरातली. वेंडेलच्या अंगावर काटा आला. मग तारा छेडल्या आणि एका बाईचा कोवळा, थोडा नाकातला आवाज आला:

*ये चोरा, बस चोरा, कणसं सगळी खा,*
*जाता जाता बियाण्याला एक ठेवून जा.*

एवढंच कडवं. मग कुणाची तरी खुर्ची करकरली आणि कॅसेट संपली. किटली आणि वर खुर्ची. बिचारा वेंडेल. त्याच्या कानांनी त्याला पार विकून टाकलं.

'सोललेला घसा'चा पुढचा अंक निम्मा त्या गाण्यावर होता. 'जुनिपरचा हा आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. चोर म्हणजे घरमालकांची जात. कणसं म्हणजे आपले श्रम. आणि ते शेवटचं बियाण्याचं कणीस म्हणजे उद्या. सातवं गाणं ज्यानं ऐकलं नाही त्यानं काही ऐकलं नाही.' खाली दोन्ही ओळी ठळक अक्षरांत.

झालं. सगळ्यांनी घरी जाऊन आपापली कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. कुणाला पाद्री भेटला, कुणाला कंबर. पण ज्यानं ऐकलं नाही त्यानं काही ऐकलं नाही, असं छापून आलं होतं ना. मग बोलणार कोण?

ऑरिन दुकानात राजमा घ्यायला आला तेव्हा वेंडेलनं मुद्दाम विचारलं, "सातवं ऐकलंस?"

"केव्हाच." ऑरिन पिशवीचं तोंड बांधत म्हणाला. "चांगलं आहे. पण चॅटनुगाच्या कार्यक्रमात त्यांनी प्रत्यक्ष म्हटलं होतं ना, ते जास्त कच्चं होतं."

वेंडेलनं राजम्याच्या डब्याचं झाकण लावलं. आपल्या आधी याला माहीत होतं? "हो, चॅटनुगाचं वेगळंच," तो म्हणाला.

अंक लुईव्हिललाही पोचला. स्किलेटनं वाचला. आयुष्यात कुणी त्याचं इतकं कौतुक केलं नव्हतं, आणि जे केलं ते कुठल्या गाण्याचं हे त्याला कळेना. त्यानं शहाण्यासारखं विचारलं नाही. उलट वेंडेलला निरोप पाठवला, 'सातवं गाणं कळायला तुझ्यासारखाच कान लागतो. ऑगस्टमध्ये तिकडं येतोय. तुझ्याकडंच वाजवू.'

तुझ्याकडंच. वेंडेल तो निरोप वाचत तळघरात गोल गोल फिरला. घरमालकीण गावाला जाणार आहे, असं त्यानं मंडळींना सांगितलं आणि भिंतीवर रंगानं घराचं नाव काढलं, 'कणीस'.

कार्यक्रमाला आठवडा राहिला होता. वेंडेल सातवं गाणं पुन्हा पुन्हा लावून ऐकत होता. लव्होन कपड्यांची टोपली घेऊन जिना उतरली, मशीनमध्ये चादरी कोंबल्या आणि सहज, साबण टाकता टाकता, कॅसेटच्या एक शब्द पुढं गायला लागली.

"आई, तुला हे कुठून येतं?"

"कुठून येतं म्हणजे? मीच केलंय. तो माझा आवाज आहे."

"हा जुनिपरचा आवाज आहे."

"असेल तिचाही तसा. पण किटली माझी आहे." लव्होननं मशीनचं झाकण लावलं. "तुझी लाडॉनामावशी तेव्हा नेब्रास्काला होती. फोन परवडायचा नाही, म्हणून आम्ही एकमेकींना कॅसेटी भरून पाठवायचो. ही पहिली बिघडली. गाणं संपता संपता किटली ओरडली, पुन्हा पहिल्यापासून धरलं तर पट्टी संपली, म्हणून ती घरात ठेवली आणि दुसरी चांगली करून तिला पाठवली. त्या उन्हाळ्यात आपल्या मक्यात तो काळ्या मुखवट्याचा चोरटा प्राणी, रॅकून, शिरायचा ना, त्याच्यावर केलेलं गाणं आहे. आता तू सांग. माझ्या कॅसेटींचा खोका ओला झाला म्हणून टाकला म्हणालास. ही कोरडी दिसते."

खोका ओला झाला नव्हता. वसंतात फळीवर जागा हवी होती म्हणून वेंडेलनंच आईच्या सगळ्या कॅसेटी धर्मादाय दुकानात नेऊन टाकल्या होत्या. म्हणजे हिशेब असा झाला: आईचं गाणं यानं फेकलं, बँडनं येता-जाता त्या दुकानातून उचललं, त्याच्यावर कोकलून परत यालाच दिलं, आणि हा त्याच्यावर डोळे पुसत बसला. वीस वर्षं तो आवाज डोक्यावर गात होता. आता तो काय ओळखणार?

वेंडेलनं कॅसेट बंद केली. आईला वाटलं, पोराला वाईट वाटलं खोक्याचं.

"जाऊ दे रे राजा. पण याचं दुसरं कडवं कुठं गेलं? यांनी आरडाओरडा केलाय त्याच्या खाली असणार. मला ते आठवतच नाही, बघ. आणि हे लोक येणार आहेत ना शनिवारी? मी खाली येऊन विचारते त्यांना, पुसायच्या आधी ऐकलं होतं का."

वेंडेलच्या डोळ्यांपुढं सगळं तळघर उभं राहिलं. ऑरिन, ठिगळं, कुत्री, आणि मधोमध आई, फुलाफुलांच्या एप्रनमध्ये, 'मी वेंडेलची आई' म्हणत. पंचाचं काय होईल? चोर म्हणजे घरमालकांची जात, हे त्यानं रॅकूनबद्दल लिहिलं होतं.

"आई," तो म्हणाला, "शनिवारी तू बेडफर्डला लाडॉनामावशीकडं जा ना. इथं फार गोंगाट होईल. तुझं डोकं दुखेल."

लव्होननं साबणाचा डबा फळीवर ठेवला. तिचं डोकं आयुष्यात दुखलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. टोपली उचलली आणि वर गेली. त्या शनिवारी पँट इस्त्री करून टांगलेली नव्हती.

शनिवारी दुपारी कल्व्हर्ट कझिन्सची व्हॅन दारात लागली. स्किलेटनं सामान उतरवायच्या आधी वेंडेलला अंगणातल्या मॅपलच्या झाडाआड ओढलं.

"एक विचारू? आपल्यातच राहू दे. ते सातवं गाणं. ते जातं कसं?"

"तुमचं गाणं आहे."

"ते झालंच. पण सुरुवात कशी होते?"

दोघांनाही एकमेकांची गरज होती, म्हणून कुणी हसलं नाही. वेंडेलनं कॅसेट आणून व्हॅनमध्ये लावली. जुनिपरनं पहिल्या ओळीलाच हसायला सुरुवात केली.

"अरे, हे जुन्या कॅसेटचं शेपूट आहे. माझा आवाज एवढा गोड कुठला? कोण आहेत या बाई?"

आता इथं सांगायला काय हरकत होती? जुनिपरच ती. तिला सांगितलं असतं तर ती वर जाऊन पॅनकेक खाऊन आली असती. पण वेंडेल म्हणाला, "काय माहीत. कुणीतरी जुनी बाई असेल. मेली पण असेल."

तेव्हा ती मेलेली बाई बेडफर्डला बहिणीच्या स्वयंपाकघरात बसली होती आणि म्हणत होती, "लाडॉना, माझ्या त्या रॅकूनच्या गाण्याचं दुसरं कडवं तुला आठवतं का गं?"

लाडॉना उंच, हडकुळी आणि लव्होनपेक्षा दुप्पट मोठ्या आवाजाची. ती म्हणाली, "आठवायला कशाला पाहिजे? तू पाठवलेली कॅसेट आहे की माझ्याकडं. मी काय तुझ्या पोरासारखी फेकते का?" कॅसेट निघाली. दोघींनी ऐकली. दोघी हसून हसून टेबलावर पडल्या. मग लाडॉनानं गाडीची किल्ली घेतली. "चल. त्या पोरांना कडवं देऊन येऊ. अर्धवट गातात म्हणजे काय."

लव्होन म्हणाली, "वेंडेलनं येऊ नको म्हणून सांगितलंय."

"तुला सांगितलंय. मला कुठं सांगितलंय? तू माझ्याबरोबर ये."

सहाला 'कणीस' भरलं. कुत्री तीन, माणसं मोजायची सोय नाही. घेवड्याचं पातेलं मशीनवर, हॅट जिन्याच्या पायरीवर. घामाचा आणि ओल्या भिंतींचा वास. कझिन्सनी पाच-सहा गाणी म्हटली. स्किलेटच्या मानेच्या शिरा टम्म झाल्या, पहिल्या रांगेला त्याच्या थुंकीनं आंघोळ घडली आणि पहिली रांग धन्य झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सातवं." आणि सगळं तळघर एकदम, "सातवं, सातवं."

जुनिपरनं सुरुवात केली. आणि काय मौज सांगू, सगळ्यांनी डोळे मिटले. डोळे मिटून सगळे गायले, पण कुणाला चाल ठाऊक नव्हती, म्हणून आख्खं तळघर जुनिपरच्या अर्धा शब्द मागं चाललं होतं. ऑरिन सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत मागं. दोन ओळी संपल्या. पुन्हा त्याच दोन ओळी म्हटल्या. पुन्हा त्याच. चोर येऊन बसतोय, खातोय, एक ठेवून जातोय, परत येतोय. गाणं पुढं सरकेना आणि संपवायचं कसं तेही कुणाला कळेना.

"दुसरं कडवं आहे त्याला," जिन्यावरून आवाज आला.

सगळ्यांनी डोळे उघडले. जिन्यावर दोन म्हाताऱ्या. पुढची बुटकी, फुलाफुलांचा एप्रन, छातीशी ऑटोहार्प. मागची उंच, हातात उकडलेल्या कणसांचं भांडं, वर लोणी.

ऑरिन वेंडेलला म्हणाला, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, "अरे, तुझी घरमालकीण आली."

लव्होननं ते ऐकलं. क्षणभर तिनं वेंडेलकडं पाहिलं. वेंडेल भिंतीवरच्या 'कणीस'कडं बघत होता.

"हो," लव्होन म्हणाली, "घरमालकीण. माझी एकच तक्रार आहे. गाणं अर्धं गाताय. तू कोण, बँजोवाली का? छान लावलाय गं बँजो. चल, धर."

ती शेवटच्या पायरीवर हॅट सरकवून बसली आणि गायली. पहिलं कडवं झालं तेव्हा जुनिपरचं तोंड उघडंच राहिलं, कारण आवाज तोच होता, फक्त थोडा पिकलेला. मग दुसरं:

*चोर नव्हता रानातला, चोर होता घरचा,*
*लोणी लावून खात होता ... कोवळा दाणा वरचा.*

मधल्या जागी तिनं नुसतं गुणगुणलं. तिथं एक शब्द होता, तो तिनं गिळला. ती गात राहिली आणि तिनं वेंडेलकडं पाहिलं नाही. पण लाडॉनाला कुठला दम? तिनं मागून कोपर मारलं.

"अगं, नाव का गाळलंस? नावातच तर मजा आहे."

"नाही आठवत," लव्होन म्हणाली.

"आत्ता तासापूर्वी तर ऐकलं."

"नाही आठवत म्हटलं ना."

स्किलेटनं विचारलं, "मॅम, मग चोर कोण होता?"

लव्होननं तारांवरून बोट फिरवलं. "होता एक. गेला असेल कुठंतरी."

वेंडेलला तेव्हा आठवलं की दुपारी व्हॅनमध्ये त्यानं आईला मारून टाकलं होतं. आणि ती इथं, सगळ्यांसमोर, त्याची थाप पाठीशी घालत होती. एवढी सुरात.

"मी," तो म्हणाला. आवाज फाटला. आयुष्यभर ज्या फाटक्या आवाजाचं कौतुक केलं तो शेवटी त्याच्याच गळ्यातून निघाला, आणि त्याला तो मुळीच आवडला नाही. "तिथं वेंडेल आहे. रॅकून नव्हता, मी खायचो कणसं. ती माझी आई आहे. आणि हे गाणं यांचं नाही, तिचं आहे. कॅसेट मीच फेकली होती."

कुणाला कुठं बघावं कळेना, कारण प्रत्येक जण सातवं गाणं ऐकल्याचं सांगून बसला होता. शेवटी ऑरिननं घसा खाकरला.

"मला सुरुवातीपासून वाटतच होतं," तो म्हणाला. "चॅटनुगाला हे दुसरं कडवं होतं."

जुनिपर म्हणाली, "आम्ही चॅटनुगाला गेलोच नाही कधी."

लाडॉनानं भांडं ऑरिनच्या हातात ठेवलं. "खा तू. तोंड कामाला लाव."

मग जे झालं त्याला वेंडेलच्या चोपडीत जागा नव्हती. चाल आता खरोखर सगळ्यांना येत होती, म्हणून डोळे उघडे ठेवून गाता आलं. लव्होननं दर वेळी दुसऱ्या कडव्यात नाव घातलं, आणि दर वेळी सगळं तळघर ते नाव तिच्याहून मोठ्यानं ओरडलं. वेंडेल लोणी लागलेल्या तोंडानं मशीनला टेकून उभा होता. कुत्रीसुद्धा त्याच्याकडंच बघत होती.

तुम्हाला वाटेल, मग वेंडेल सुधारला. 'सोललेला घसा'च्या पुढच्या अंकात त्यानं लिहिलं, 'या गायिकेला मी फार जवळून ओळखतो, तरीही सांगणं भाग आहे की दुसरं कडवं पहिल्याइतकं कच्चं नाही. ऑटोहार्प जरुरीपेक्षा जास्त सुरात आहे. किटली असती तर बरं झालं असतं.'

लव्होननं ते फोनवर लाडॉनाला वाचून दाखवलं. दोघी बराच वेळ हसल्या. मग लव्होननं चादरींची टोपली उचलून जिन्यावरून खाली ढकलून दिली. "पंच," तिनं हाक मारली, "मशीन लावायचंय. आणि आता ही खरखर तुझी तू ऐक."

स्किलेटनं निघायच्या आधी तिच्या एप्रनवर एक ठिगळ शिवून दिलं होतं, बापाच्या दवाखान्यातल्या दोऱ्यानं. काळ्या कापडावर पांढरी अक्षरं: घरमालकीण. लव्होन तो एप्रन घालून चर्चच्या जेवणाला गेली. तिथल्या बायकांनी विचारलं, "हे काय गं?"

"माझा बँड आहे," लव्होन म्हणाली आणि बटाट्याचं सॅलड वाढायला लागली.